विलायती विद्यापीठे आणि खानदेशचा विद्यार्थी

मुंबईत १४ जून २०२५ रोजी पाच परदेशी शिक्षणसंस्थांना भारतात परिसर उघडण्याची इरादापत्रे देण्यात आली. केंद्रीय शिक्षणमंत्री धर्मेंद्र प्रधान आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस या समारंभास उपस्थित होते. स्कॉटलंडचे ॲबर्डीन आणि इंग्लंडचे यॉर्क ही त्या पाचांतील दोन ब्रिटिश विद्यापीठे. उरलेल्यांत एक ऑस्ट्रेलियाचे, एक अमेरिकेचे आणि एक इटलीची रचनाकला शिकवणारी संस्था. ब्रिस्टल विद्यापीठानेही याच वर्षी मुंबईची निवड जाहीर केली. नवी मुंबईच्या विमानतळालगत सिडकोच्या साह्याने एक आंतरराष्ट्रीय शिक्षणनगरी वसवण्याचा राज्य सरकारचा संकल्प आहे. आपल्या मुलांना परदेशी जावे लागणार नाही, परदेशच त्यांच्या दारी येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले.

यांतील ॲबर्डीनचे वय पाहण्यासारखे आहे. ते १४९५ मध्ये स्थापन झाले. त्या वर्षी खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य होते, आणि त्यांची जुनी राजधानी थाळनेर आज शिरपूर तालुक्यातील एक गाव आहे. पाचशे तीस वर्षे एका थंड किनाऱ्यावर उभ्या असलेल्या संस्थेला खाडीकाठच्या दमट हवेत शाखा काढाविशी वाटते, ही घटना लहान नाही. तिचे स्वागत करणाऱ्यांना भोळे म्हणण्याचे कारण नाही, आणि तिला विरोध करणाऱ्यांना कूपमंडूक म्हणण्याचेही नाही. मात्र ‘आपली मुले’ या शब्दांत कोणाकोणाची मुले येतात, एवढे तरी विचारायला हवे. चोपड्याच्या शिक्षकाची, साक्रीच्या ग्रामसेवकाची, धुळ्याच्या जिल्हा परिषदेतील लिपिकाची मुलगी त्यांत धरली आहे काय?

पहिले आगमन

ब्रिटिश विद्यापीठ महाराष्ट्रात प्रथमच येत आहे, असा समज या निमित्ताने पसरला. तो खरा नाही. ते एकदा येऊन गेले आहे. किंबहुना आले ते गेलेच नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यात कंपनी सरकारने हिंदुस्थानात विद्यापीठे काढण्याचे ठरवले, तेव्हा समोर नमुना ठेवला तो लंडन विद्यापीठाचा. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा नव्हे. याचे कारण स्वच्छ आर्थिक होते. ऑक्सफर्डला इमारती लागतात, वसतिगृहे लागतात, आयुष्यभर पोसावे लागणारे अध्यापक लागतात. लंडन विद्यापीठ त्या काळी काहीच शिकवत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम इतरांच्या महाविद्यालयांनी करावे. कमी खर्चात विद्यापीठ हवे असेल तर यासारखा नमुना दुसरा नव्हता. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे याच धर्तीवर विद्यापीठे निघाली.

म्हणजे ब्रिटिश विद्यापीठाचा अर्धा भाग आला आणि अर्धा तिकडेच राहिला. परीक्षा आली, अध्यापन, संशोधन आणि ग्रंथालय हे ज्याने त्याने आपापले पाहावे. लंडनने स्वतःची ही पद्धत १८९८ च्या कायद्याने बदलली आणि ते शिकवणारे विद्यापीठ झाले. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा अध्यापन विभाग निघाला तो १९१९ मध्ये, स्थापनेनंतर बासष्ट वर्षांनी. मूळ घराने जी चाल सोडली ती आपण मात्र कुलाचार म्हणून पाळत राहिलो.

खानदेशची महाविद्यालये या कुलाचारातच जन्मली. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ ची, म्हणून मुंबई विद्यापीठाला संलग्न. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघाले तेव्हा ती पुण्याकडे गेली. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि ती घरी परतली. वंशावळच मांडायची तर मुंबई ही लंडनची लेक, पुणे ही नात आणि जळगाव ही पणती. २०१८ मध्ये या पणतीला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. असोद्याच्या ज्या शेतकरी स्त्रीला अक्षरओळखही नव्हती, तिचे नाव आज खानदेशातील प्रत्येक पदवीपत्रावर छापले जाते. शिक्षणाच्या इतिहासात असा न्याय क्वचितच होत असेल.

परंतु पणतीच्या अंगी पणजीचा गुण उतरलाच. गिरणेच्या काठी, बांभोरीच्या माळावर विद्यापीठाचे विभाग उभे राहिले, त्यांत चांगले काम झाले, हे मान्य करूनही विद्यापीठाची शक्ती आजही मुख्यतः परीक्षेवरच खर्च होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे वेळापत्रक, प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका, निकाल आणि फेरतपासणी यांच्या चक्रात वर्ष संपते.

तरीही त्या अर्धवट आलेल्या विद्यापीठातून काय निघाले, ते विसरून चालणार नाही. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर त्यांत होते. त्याच रानड्यांनी तीस वर्षांनंतर, १८९२ मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, आणि विलायतेत बनलेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना, सर्व काळी जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन केले. ज्या पुस्तकांची परीक्षा देऊन ते पदवीधर झाले होते, त्याच पुस्तकांवर ही टीका होती. ती ते करू शकले, कारण मुंबईचे विद्यापीठ नमुन्याने लंडनचे असले तरी अधिकाराने मुंबईचेच होते. त्याचा अभ्यासक्रम बदलता येत होता, त्याच्या सिनेटात येथील माणसे बसत होती. नव्याने येणाऱ्या परिसरांची गोष्ट नेमकी येथेच वेगळी आहे. त्यांची पदवी मूळ विद्यापीठाच्या नावाने निघेल आणि तिचा दर्जा मूळ पदवीइतका राखण्याचे बंधन त्यांच्यावर असेल. हे विद्यार्थ्याच्या हिताचेच आहे. पण त्यामुळे काय शिकवायचे हे ठरवणारी सभा यॉर्कला किंवा ब्रिस्टलला भरेल.

आईला पोसणारा मुनवा

आता प्रश्न असा की, ही विद्यापीठे आजच का येत आहेत? भारताच्या प्रेमाने, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर त्यांच्या जमाखर्चात आहे. इंग्लंडमध्ये देशी विद्यार्थ्यांकडून घ्यावयाच्या शुल्काची कमाल मर्यादा सरकार ठरवते. ही मर्यादा २०१७ पासून पुढे ९,२५० पौंडांवर गोठलेली होती; २०२५-२६ साठी ती ९,५३५ पौंड झाली. या काळात महागाई किती वाढली ते सर्वांस ठाऊक आहे. तूट भरून निघत होती ती परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून, कारण त्यांना अशी मर्यादा नाही. पुढे तेथील राजकारणात परदेशी लोकांच्या संख्येचा प्रश्न पेटला. जानेवारी २०२४ पासून बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत नेण्यास मनाई झाली. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत, पदवीनंतर तेथे राहून काम करण्याची दोन वर्षांची मुदत दीड वर्षावर आणण्याचे जाहीर झाले. विद्यार्थी येईनासा झाला, तेव्हा विद्यापीठांनी विद्यार्थ्याकडे जायचे ठरवले. ज्या ॲबर्डीनचे वय वर सांगितले, त्याच विद्यापीठात २०२३ च्या अखेरीस आधुनिक भाषांचे स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम बंद करण्याचा विचार सुरू झाला होता, तो खर्च परवडत नाही म्हणून.

रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटतात. ते वेळीच कापले नाहीत तर आईचे अन्न ओढून घेतात आणि घड बारीक राहतो, म्हणून शेतकरी विळा घेऊन बागेत फिरतो. येथे प्रकार उलटा आहे. मुनवा दूर देशी लावायचा, तो लवकर वाढवायचा आणि त्याने पाठवलेल्या अन्नावर आईने तग धरायचा, अशी ही योजना आहे. यात अनीती काहीच नाही. व्यवहार म्हणून ती समजून घ्यावी आणि व्यवहारासारखीच तिची बोलणी करावी, एवढेच.

ती बोलणी कशी झाली? २०१० मध्ये कपिल सिबल शिक्षण खात्याचे मंत्री असताना परदेशी शिक्षणसंस्थांविषयीचे एक विधेयक लोकसभेत मांडले गेले. येणाऱ्या संस्थेने किमान पन्नास कोटी रुपयांचा निधी राखून ठेवावा आणि येथे झालेली शिल्लक देशाबाहेर नेऊ नये, अशा अटी त्यात होत्या. ते विधेयक कधीच संमत झाले नाही. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि तेही संपले. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दार किलकिले केले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये संसदेच्या कायद्याने नव्हे, तर आपल्या विनियमांनी ते उघडले. जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलेली संस्था अर्ज करू शकते. शुल्क तिने ठरवायचे, प्रवेशाची रीत तिने ठरवायची, अध्यापक तिने नेमायचे आणि शिल्लक मायदेशी न्यायची मुभा. शुल्क वाजवी आणि पारदर्शक असावे, असे विनियमात म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती, हे म्हटलेले नाही. राखीव जागांचे बंधन नाही. गुणवत्तेवर किंवा गरजेनुसार शिष्यवृत्त्या देता येतील, असे आहे. द्याव्याच लागतील, असे नाही. तेरा वर्षांत अटी अशा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेल्या आणि त्यावर महाराष्ट्रात म्हणावी तशी चर्चा झाली नाही, हे आश्चर्यच आहे.

किमतीचा हिशेब

आयोगाच्या नव्या विनियमांखाली आलेले पहिले ब्रिटिश विद्यापीठ म्हणजे साउथॅम्प्टन. त्याचा परिसर दिल्लीजवळ गुरुग्रामला २०२५ मध्ये सुरू झाला. तेथील पदवीपूर्व अभ्यासक्रमाचे शुल्क वर्षाला तेरा लाखांच्या पुढे आहे. मुंबईतील शुल्क याहून फार वेगळे असेल, असे मानण्यास आधार नाही. राज्य सरकारच्या सेवेत नव्याने लागलेल्या लिपिकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे दरमहा १९,९०० रुपये आहे. भत्ते धरून वर्षाला चार लाखांच्या आसपास. म्हणजे मुलीचे एका वर्षाचे शुल्क भरायचे तर त्याने तीन वर्षांहून अधिक काळाचा सगळा पगार द्यायचा, आणि त्या काळात घरात चूल पेटवायची नाही. तीन वर्षांच्या पदवीचे मिळून चाळीस लाख होतात. जळगावच्या किंवा धुळ्याच्या अनुदानित महाविद्यालयातील पदवीला लागणारे शुल्क याच्या शेजारी लिहिण्याचीही सोय नाही, ते हजारांत मोजले जाते.

यावर उत्तर मिळते की, लंडनला गेले असते तर याहून अधिक लागले असते, म्हणून हे स्वस्तच. हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तपासून पाहावा असा आहे. तुलना करायची तर दोन्हीकडे वस्तू एकच हवी. ब्रिटनला जाणारा विद्यार्थी केवळ पदवी विकत घेत नाही. तो एक गाठोडे विकत घेतो. त्यात पदवी असते, तेथे राहण्याचा अनुभव असतो, जगभरच्या सहाध्यायांचा सहवास असतो, आणि पदवीनंतर काही काळ तेथे नोकरी करून कर्ज फेडण्याची संधी असते. कित्येक कुटुंबे शेत गहाण ठेवतात ती या शेवटच्या वस्तूसाठी. मुंबईच्या परिसरात शिकलेल्याला तो अधिकार नाही, कारण त्यासाठी ब्रिटनमध्येच शिकलेले असावे लागते. गाठोड्यातून सर्वांत मोलाची वस्तू काढून घेतल्यावर उरलेल्याची किंमत थोडी कमी केली, तर त्याला स्वस्त म्हणावे काय?

परकीय चलन वाचेल, हा दुसरा दावा. उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशी शिक्षणासाठी भारतातून २०२३-२४ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरांच्या जवळपास रक्कम बाहेर गेली. पुढच्या वर्षी ती तीन अब्जांच्या खाली आली. तेव्हा गळती थोडी आपोआपच कमी झाली आहे. पण खरी गोष्ट अशी की, जो मुलगा नाहीतरी लंडनला गेला असता तो मुंबईत राहिला तर चलन वाचते, आणि जो नाहीतरी पुण्याच्या किंवा जळगावच्या महाविद्यालयात शिकला असता तो मुंबईच्या विलायती परिसरात गेला तर चलन उलट बाहेर जाते. शिल्लक मायदेशी नेण्यास मुभा असल्यावर दुसरे काय होणार? यांतले कोणते अधिक घडेल, हे काही वर्षांनी कळेल. वाचेलच, असे आज छातीठोकपणे सांगणे हा अर्थशास्त्राचा नव्हे, जाहिरातीचा भाग झाला.

विलायतेत शिकलेल्या माणसांविषयी महाराष्ट्राला जो आदर आहे, त्याचाही या जाहिरातीत उपयोग होतो. तो आदर योग्यच आहे, फक्त तो कोणत्या परिस्थितीत निर्माण झाला ते पाहावे. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराज सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. तेथून १९१६ मध्ये लंडनला आले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतले. सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे साह्य मिळाले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी मिळाली ती १९२३ मध्ये. लंडनमध्ये त्यांचा दिवस कोठे जाई, हे सर्वज्ञात आहे: ग्रंथालयात. धनंजयराव गाडगीळांच्या केंब्रिजच्या प्रबंधातून भारताच्या औद्योगिक विकासावरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो १९२४ चा. हे दोघे परदेशी गेले ते भारताचा अभ्यास करण्यासाठी, हा योगायोग नव्हे. भारतावरील कागदपत्रे, अहवाल आणि ते वाचायला शिकवणारे अध्यापक तेथे होते. आंबेडकरांच्या बाबतीत पैसा संस्थानच्या खजिन्यातून आला, म्हणजे शेवटी रयतेकडूनच. तेच आंबेडकर १९३७ मध्ये वकिलीच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या बंगल्यात उतरले; त्याची आठवण धुळेकर आजही दरवर्षी जपतात.

मुंबईला येणाऱ्या परिसरांकडून जाहीर झालेले विषय पाहिले की, व्यवस्थापन, वित्त, संगणक, विदाविज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता हीच नावे पुनःपुन्हा दिसतात. जेथे फळा आणि संगणक पुरतो आणि ग्राहक तयार असतो, असे हे विषय आहेत. प्रयोगशाळा, ग्रंथसंग्रह, दीर्घकालीन संशोधन यांना पैसा लागतो आणि तो लवकर परत येत नाही. १८५७ ला परीक्षा आली आणि बाकीचे तिकडे राहिले. या खेपेस अध्यापन येत आहे, एवढी सुधारणा निश्चित आहे.

टिकाव आणि माघार

अशा शाखा टिकतात काय, हा प्रश्न पालकांनी विचारला पाहिजे. काही टिकतात. नॉटिंगहॅम विद्यापीठाची मलेशियातील शाखा २००० मध्ये निघाली, चीनमधील निंगबोची २००४ मध्ये. दोन्ही चालू आहेत. दोन्ही ठिकाणी भांडवल मोठ्या प्रमाणात स्थानिक भागीदारांचे होते, हेही लक्षात घ्यावे. उलट ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने सिंगापूरला २००७ मध्ये शाखा उघडली आणि पहिल्याच सत्रानंतर बंद केली, कारण अपेक्षेच्या निम्मेही विद्यार्थी आले नव्हते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने कतारची शाखा २०२० मध्ये गुंडाळली. खुद्द ॲबर्डीनने दक्षिण कोरियातील शाखेचा बेत तयारी झाल्यावर सोडून दिला. आयोगाच्या विनियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय परिसर बंद करता येत नाही आणि केल्यास विद्यार्थ्यांची पर्यायी सोय मूळ संस्थेने करावयाची आहे. तरतूद चांगली आहे. पण पर्यायी सोय म्हणून ब्रिटनला या, असे सांगितले तर खामगाव-भुसावळकडच्या विद्यार्थ्याला व्हिसा कोण मिळवून देणार आणि खर्च कोण सोसणार?

शाखा म्हणजे काय, याचा थोडा अनुभव खानदेशाला घरच्या घरी आहे. मुंबईच्या नरसी मोनजी संस्थेने या शतकाच्या पहिल्याच दशकात शिरपूरला, तापीच्या काठी, आपला परिसर काढला. तालुक्याच्या गावाजवळ अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची अशी सोय झाली, परगावची मुले तेथे येऊन राहू लागली, शिरपूरचे नाव झाले. पदवी मुंबईची ती शिरपूरची. असे असूनही प्रवेशपरीक्षेत वरचे गुण मिळवणारे विद्यार्थी बहुधा आधी मुंबईच मागतात. कागदावरची समानता आणि बाजारातील समानता यांत अंतर राहते, ते इतके. मग ब्रिस्टल आणि ब्रिस्टलची मुंबई यांत ते किती राहील?

याच खानदेशात दुसऱ्या प्रकारचाही एक प्रयोग होऊन गेला आहे, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर काढले. तालुक्याचे गाव, एक कापडगिरणी, उन्हाळ्यात पाण्याची ओढ; आणि अशा गावात तत्त्वज्ञानाचे संशोधन करण्यासाठी देशभरातून विद्वान आणून ठेवायचे, त्यांना राहायला जागा आणि वेतन द्यायचे, तरुणांना अभ्यासवृत्त्या द्यायच्या, तेथून इंग्रजीत त्रैमासिक काढायचे! कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३३ ते १९३५ या काळात या संस्थेचे संचालक होते. विचारांच्या क्षेत्रातील स्वराज्यावरचे त्यांचे व्याख्यान आजही अभ्यासले जाते. म्हणजे त्या दोन वर्षांत भारतातला एक थोर तत्त्वज्ञ अमळनेरच्या रस्त्याने फिरत होता आणि त्याला तेथे आणणारा पैसा खानदेशच्या कापसाचा होता. धुळ्याला १९२७ मध्ये वि. का. राजवाडे यांच्या पश्चात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून मिळवलेली कागदपत्रे तेथे जपली गेली. त्यालाही कोणत्या क्रमवारीचे प्रशस्तिपत्र लागले नाही. या संस्थांचे पुढचे दिवस पहिल्यासारखे राहिले नाहीत. पण नाव बाहेरून आणावे लागते आणि पैसा फक्त मुंबईतच असतो, या समजुतीला खानदेशचा इतिहास साक्ष देत नाही.

आज तो पैसा खर्चण्याची इच्छा शासनातही दिसत नाही. अनुदानित महाविद्यालयांत अध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्यांकडून काम भागवले जाते. नेट-सेट उत्तीर्ण, पीएच. डी. झालेला तरुण तासागणिक मानधनावर शिकवतो, उन्हाळ्यात त्याचे उत्पन्न थांबते, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यावी लागते. मुंबईचे नवे परिसर अध्यापक कोठून आणणार? काही बाहेरून येतील. बाकीचे येथूनच घेतील, आणि चांगले तेच घेतील. चांगल्या अध्यापकाला चांगला पगार मिळू नये, असे कोण म्हणेल? पण त्याने सोडलेले पद भरले जाणार नसेल, तर एका परिसराचा लाभ दुसऱ्या महाविद्यालयाचा तोटा होतो, आणि तो तोटा पुन्हा जळगाव-धुळ्यालाच सोसावा लागतो.

परदेशी विद्यापीठांना येऊ देऊ नये, हा याचा निष्कर्ष नव्हे. ती येत आहेतच, आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे: वेळेवर लागणारा निकाल, विद्यार्थ्याच्या लेखनावर अध्यापकाने लिहून दिलेला अभिप्राय, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवण्याची शिस्त. मात्र शिक्षणनगरी शासनाच्या पुढाकाराने वसणार असेल तर त्या बदल्यात सार्वजनिक काही मागण्याचा शासनाला अधिकार आहे, आणि तो करार होण्यापूर्वी वापरायचा असतो. काही जागा राज्याच्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांसाठी पूर्ण शुल्कमाफीच्या असाव्यात. राज्यातील विद्यापीठांच्या संशोधक विद्यार्थ्यांना या परिसरांची ग्रंथालये आणि त्यांनी वर्गणी भरलेली नियतकालिके खुली असावीत. जळगावच्या संशोधकाला एक निबंध वाचण्यासाठी परिचिताकरवी मुंबईहून मागवावा लागू नये. आणि आपल्या विद्यापीठातील अध्यापकांना तेथे एखादे सत्र शिकवण्याची, तेथल्यांना बांभोरीला येऊन शिकवण्याची सोय व्हावी. जर यॉर्कचा अर्थशास्त्रज्ञ एक महिना खानदेशात राहिला, तर केळीचा भाव रावेरला काय आणि वाशीला काय, हे तोही शिकून जाईल.

शुल्काबाबत तर मार्ग आधीच आखलेला आहे. जुलै २०२४ च्या निर्णयाने राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे संपूर्ण शुल्क माफ केले, पण त्यातून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे वगळली. परदेशी परिसर त्यात बसण्याचे कारण दिसत नाही. दुसरी योजना मात्र हाताशी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीतून सामाजिक न्याय विभाग दरवर्षी अनुसूचित जातींच्या पंचाहत्तर विद्यार्थ्यांना जगातील नामांकित विद्यापीठांत पाठवतो आणि त्यांचे शुल्क तेथे पौंडांत आणि डॉलरांत भरतो. ही शिष्यवृत्ती परदेशात जाऊन शिकण्यासाठी आहे. ब्रिस्टलची पदवी मुंबईत मिळू लागली की, त्याच विद्यापीठाच्या त्याच पदवीसाठी ब्रिस्टलला जाणारा विद्यार्थी पात्र आणि मुंबईला जाणारा अपात्र, अशी स्थिती होईल. मुंबईचा पर्याय विद्यार्थ्याने आपणहून निवडला तर त्यालाही शिष्यवृत्ती मिळावी, परदेशी जाण्याच्या जागा कमी न करता मिळावी, आणि हीच सोय इतर मागास व आर्थिक दुर्बल घटकांच्या योजनांत व्हावी. त्यासाठी विधिमंडळाचे अधिवेशन बोलवावे लागत नाही. शासन निर्णय पुरतो. पहिल्या तुकड्यांचे प्रवेश या विद्यापीठांनी २०२६ साठी जाहीर केले आहेत.